पडलेल्या फुलांचा वसंत

(छत्रपती संभाजीनगर इथे फाल्गुनात दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय पत्रिकेवर ‘वसंतातली रानफुलं आणि आपलं साहित्य’ असा छापलाय. विषय गोड आहे. इतका गोड, की मी थोडी सावध झाले. कारण पहिला प्रश्न अगदी साधा आहे : वसंताच्या तोंडाशी आपल्या रानात जमिनीतून वर येणारी फुलं आहेत तरी किती? आत्ता फाल्गुन चालू आहे. इथून कन्नडच्या बाजूला गौताळ्यात जा, खुलताबादवरून म्हैसमाळला चढा, नाहीतर लांब कशाला, विद्यापीठामागच्या डोंगरावर जा. खाली काय दिसतं? वाळलेली कुसळं, करकरणारा पाला आणि तापलेला काळा दगड. फूल बघायचं तर मान वर करावी लागते.

आणि तरीही मार्च उजाडला की आपल्या पुरवण्यांमध्ये ‘वसंतानं रानफुलांचा गालिचा अंथरला’ असं छापून येतं. हा गालिचा आला कुठून? आज मला त्याचा माग काढायचाय. मी वनस्पतिशास्त्राची बाई नाही, माझं काम वाचण्याचं. पण फुलाबद्दलचं वाक्य वाचताना ते फूल त्या महिन्यात तिथं असतं का, एवढं तरी वाचणाऱ्यानं बघायला काय हरकत आहे?

गालिचा बराचसा बाहेरून आलाय. इंग्लंडात आणि युरोपच्या बऱ्याच भागात ओक-बीचची जंगलं हिवाळ्यात उघडी पडतात. वसंत सुरू होतो तेव्हा ऊन वाढलेलं असतं, माती ओली असते, आणि वर पालवी अजून दाटलेली नसते. या काही आठवड्यांच्या फटीत जमिनीतले कंद आणि मुळं जागी होतात. स्नोड्रॉप, प्रिमरोज, वुड ॲनिमोनी, मग ब्लूबेल. झाडांवर पानं भरली की खाली काळोख. तोवर यांनी आपला बहुतेक कारभार उरकलेला असतो. तिथं टंचाई आहे ती उजेडाची. म्हणून तिथली कविता वसंतात खाली वाकून बघते, आणि ते तिचं बघणं खरं आहे, त्यात काही खोट नाही.

आपल्याकडे टंचाई पाण्याची. उजेड फाल्गुनात हवा तेवढा आहे, नको तेवढा आहे. कंद आपल्याही जमिनीत आहेत, पण ते मृगाची वाट बघत निजलेले असतात. पांढरी मुसळी, रानहळद, कळलावी ही सगळी पावसाची लेकरं. तिकडचे कंद मार्चमध्ये जे करतात ते आपले कंद जूनच्या पुढं करतात. फाल्गुनात फुलायची ऐपत उरते ती मुळं खोल गेलेल्यांची. म्हणजे झाडाझुडपांची. पळस, पांगारा, काटेसावर, उतारावरची लाल धायटी, खडकाळ डोंगरावरची पिवळीधमक गणेर.

यात एक गंमत मात्र सारखी आहे. तिथलं फूल पालवीच्या आधी येतं, तसं आपलंही पालवीच्या आधीच येतं. तिथं जमिनीवरचं फूल वरच्या पानांच्या आधी; इथं झाडाचं फूल त्याच झाडाच्या पानांच्या आधी. पळस, सावर, गणेर पानं टाकून उघडी होतात आणि मग फुलतात. पानांचा आडोसा नाही म्हटल्यावर फूल लांबून दिसतं. साळुंक्या येतात, बुलबुल येतात, शिंजीर येतो, खारी येतात. त्यांना मकरंद मिळतो, झाडाचे पराग इकडून तिकडे जातात. पानगळ आणि बहर एकाच फांदीवर, एकाच वेळी. आता सांगा, आपल्या कवितेनं पानगळ आणि बहर यांना किती लांब लांब बसवलंय!

याला आपलं पाठांतरही कारणीभूत आहे. चैत्र-वैशाख वसंत, माघ-फाल्गुन शिशिर, हे आपण दुसरी-तिसरीत घोकलंय. पळस फुलतो कधी? माघ उतरताना आणि फाल्गुनात. म्हणजे यादीच्या हिशेबानं आपला पळस भर शिशिरात फुलतो! आणि शिशिर म्हटलं की मराठी लेखकाचा हात आपोआप पानगळ, म्हातारपण, विरह यांच्याकडे वळतो. चैत्रात जे येतं ती मुख्यतः पालवी. गुढीला आपण फूलमाळ बांधतो खरी, पण पाडव्याला तोंडात घालतो तो लिंबाचा कोवळा पाला. यादीनं फुलांचा महिना शिशिराला दिला आणि पालवीचा महिना वसंताला, आणि लिहिणाऱ्यांनी झाडाऐवजी यादी बघून लिहिलं.

आणखी एक शब्द बघू : रान. इंग्रजीतलं झाडीचं जंगल मराठवाड्यातल्या ‘रान’ या शब्दात मावत नाही. ‘दादा कुठंय?’ ‘रानात गेलाय.’ म्हणजे शेतात गेलाय. आपल्याकडे शेत, बांध, माळ, पडीक आणि जंगल या सगळ्याला मिळून रान म्हणतात. ना. धों. महानोरांच्या पहिल्या संग्रहाचं नाव ‘रानातल्या कविता’, 1967 सालचा. हे शहरातल्या वाचकानं वाचलं आणि जंगल समजला. महानोरांचं रान पेरणीचं आहे, त्यात पाऊस आणि पीक आधी येतं. आणि हा कवी राहिला कुठं? अजिंठ्याच्या डोंगराजवळ, पळसखेड्याला. गावाच्या नावातच पळस. आपल्या मुलखात फिरताना पाट्या वाचा : पळसवाडी, पांगरा, पांगरी, सावरगाव, मोहा. फाल्गुनात फुलणाऱ्या झाडांची हजेरीच घेतली आहे कुणीतरी. गावांची नावं ठेवणाऱ्यांना कुठलं झाड लांबून ओळखू येतं ते माहीत होतं.

आता पळसच घेऊ. भाषेनं त्याचं काय केलं बघा. मराठीत पळस म्हटला की पहिली आठवते ती म्हण : कुठंही जा, पळसाला पानं तीनच. म्हणीनं पानं मोजली. पत्रावळी आणि द्रोण लावणाऱ्या समाजाची ती म्हण आहे, त्यामुळे पानं मोजणं बरोबरच. फुलाचं काम रंगपंचमीपुरतं. फुलं उकळून रंग काढायचा. तेही आता पुष्कळ ठिकाणी गेलं. पळसाच्या फुलावर एखादी रोजच्या बोलण्यातली म्हण मला आठवत नाही, तुम्हाला आठवली तर नंतर नक्की सांगा.

फुलाकडे बघितलं ते संस्कृत आणि प्राकृत कवींनी. या ठिकाणी मला जरा थांबायचंय, कारण एकाच फुलाच्या तीन उपमा आहेत आणि त्यांत तीन बघणारे आहेत.

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात वसंत अवेळी येतो. तिथं पळसाच्या कळ्या आहेत, अजून न उमललेल्या, चंद्रकोरीसारख्या वाकड्या, गडद तांबड्या. कवी म्हणतो, वसंताशी समागम झालेल्या वनभूमीच्या अंगावर या जणू नखांच्या खुणा उमटल्यात. ‘ऋतुसंहारा’च्या शेवटच्या सर्गात पळसाची वनं पेटलेल्या आगीसारखी आहेत आणि त्यांनी झाकलेली धरती तांबडं वस्त्र नेसलेल्या नव्या नवरीसारखी. उपमा देखण्या आहेत, कळीचा आकार तर अगदी नेमका टिपलाय. पण बघणारा कुठं उभा आहे? लांब. तो वनाकडे बघतो आहे आणि त्याच्या मनात शृंगार आहे. वनाच्या जागी बाई आहे.

आता आपल्या इथं या. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावावर सातशे गाथांचा जो संग्रह आहे, ‘गाथासप्तशती’, तो महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि गोदावरीच्या काठावरची माणसं त्यात नावानिशी नाही पण कामानिशी भेटतात. शंभर-शंभर गाथांचे सात गट, त्यांना शतकं म्हणतात. चौथ्या शतकात पळसाची एक गाथा आहे. तिच्यात पळसाची फुलं आधी पोपटाच्या चोचीसारखी म्हटली आहेत. यात फार नवल नाही. ‘किंशुक’ या नावातच तो पोपट बसलाय. पण गाथेचा दुसरा अर्धा भाग बघा. जमिनीवर पसरलेली ही फुलं कशी शोभतात? बुद्धाच्या पायाशी वंदनासाठी लवलेल्या भिक्षूंच्या संघासारखी.

मी ही गाथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी भावला तो रंग नव्हे, तर जागा. फुलं जमिनीवर आहेत! फांदीवर नाहीत. कालिदास फांदीकडे बघतो, हा गाथाकार झाडाखाली उभा राहून खाली बघतोय. पळसाचं फूल गळून पडलं की त्याची पाकळी पाठ वाकवल्यासारखी दिसते. एक फूल पडलेलं असलं तर काही नाही, पण शंभर पडली की सगळ्यांनी मिळून डोकं टेकल्यासारखं होतं. म्हणून ‘संघ’. आणि रंग काषाय वस्त्राचा. हे पुस्तक काही बौद्ध ग्रंथ नाही, त्याची सुरुवात शंकराच्या वंदनानं होते. म्हणजे ही उपमा भक्तीतून आलेली नाही, रोजच्या बघण्यातून आली असणार. अजिंठ्याची नऊ आणि दहा क्रमांकाची लेणी सर्वांत जुनी, ती सातवाहन काळातली. ज्या मुलखात पायवाटेवर भिक्षू दिसतात आणि त्याच पायवाटेवर फाल्गुनात पळस पडलेला असतो, तिथं ही गाथा सुचू शकते. नवरीची उपमा पळस असेल तिथं कुठंही चालेल. भिक्षूंची उपमा आपल्यासारख्या मुलखात घडते.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. तुम्ही मला विचाराल, आपल्या जंगलात वसंतात जमिनीवर फुलं नसतातच का? असतात. पण ती उगवून आलेली नसतात, पडलेली असतात. पळसाखाली भगवा सडा, सावरीखाली जाडजूड लाल पाकळ्या, मोहाखाली फिकट पिवळट मण्यांसारखी फुलं. आपला गालिचा वरून खाली येतो. हे एकदा ध्यानात घेतलं की काय खरं बघून लिहिलंय आणि काय उसनं आहे हे चटकन कळायला लागतं.

मोहाकडे येऊ, कारण तिथं गाथा फार वरच्या पायरीला जाते. मोहाची मोठी झाडी बघायची तर आज सातपुड्यात, मेळघाटात, गोंदिया-गडचिरोलीकडे जावं लागतं. हे फूल मांसल, गोड असतं. रात्री फुलतं, पहाटे टपटप गळायला लागतं. वेचणारे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढायच्या आत वेचायचं असतं, आणि अस्वल, वानरं, गुरं यांच्याआधी पोचायचं असतं. हंगाम तीन-चार आठवड्यांचा. मोह संपला की संपला.

गाथासप्तशतीच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच लागोपाठ दोन गाथा आहेत. पहिलीत एक बाई मोहाच्या झाडाशी बोलते. गोदावरीच्या काठी दाट झाडीत ते झाड आहे, फुलांच्या भारानं त्याच्या फांद्या जमिनीला टेकल्यात. बाई त्याला विनवते : बाबा रे, सावकाश गळ. एवढंच. का, ते सांगत नाही. वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. फुलं गळताहेत तोवर टोपली घेऊन नदीकाठच्या झाडीत जायला कारण आहे. घरी कुणी विचारलं तर कामाला गेले होते. फुलं संपली की कारण संपलं, आणि झाडीत तिची वाट बघणारा जो कुणी आहे तोही संपला.

दुसऱ्या गाथेत ती वेळ आली आहे. ती शेवटची फुलं वेचते आहे आणि रडते आहे. कशी वेचते? चितेतून आपल्या माणसाच्या अस्थी वेचाव्यात तशी.

(क्षणभर शांतता.)

हो, ऐकायला जड आहे. पण उपमेचं काम बघा. मोहाचं ताजं फूल हाडाच्याच रंगाचं, पांढुरकं-पिवळट. वाकून, एकेक, बोटांनी उचलायचं. आणि मराठीत आपण आजही दोन्हीला एकच क्रियापद वापरतो : फुलं वेचणं, अस्थी वेचणं. रंग, हालचाल आणि शब्द, तिन्ही जुळलेत. त्यात शृंगार आहे का? आहे. पण त्या शृंगाराच्या खाली पोटाचं काम आहे. ही बाई फुलं केसांत माळायला आलेली नाही, वाळवून साठवायला आली आहे. तिच्या प्रेमाला जागा मिळाली ती मजुरीच्या वेळात. वसंतावरच्या किती कवितांमध्ये फूल हे काम म्हणून येतं? तुम्हीच आठवून बघा.

या फुलाचा पुढचा प्रवासही भाषेचाच आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांचा स्वतंत्र उल्लेख आला. बाळगणं, विकणं, नेणं यावर बंधनं. गाथेत ज्याला ‘सावकाश गळ’ म्हटलं ते फूल कायद्याच्या भाषेत मुद्देमाल झालं. अलीकडे ही बंधनं सैल झाली, बरंच झालं. पण साहित्याच्या बाजूनं मला दुःख याचं वाटतं की त्या साऱ्या वर्षांत आमच्या ललित लेखनात मोह आला तो मुख्यतः धुंदी म्हणून, मादक वास म्हणून. वेचणाऱ्या बाईची कंबर त्यात क्वचितच दुखली.

(एक श्रोता : आणि दुर्गाबाई?)

येते, दुर्गाबाईंकडेच येते आहे. पण वाटेत बालकवी लागतात. बालकवी आपल्या डोंगराच्या पलीकडचे, खानदेशातले, धरणगावचे. ‘फुलराणी’ आपल्या सगळ्यांना येते. हिरव्या गवतावरची ती कळी आपण मनात वसंतात ठेवतो. पण तसं मऊ हिरवं गवत खानदेशात आणि मराठवाड्यात असतं कधी? श्रावण-भाद्रपदात. बालकवींनी कुठलीही चूक केलेली नाही; त्यांचा डोळा पावसाळी होता आणि तो फार खरा होता. घोळ घातला तो आपण वाचणाऱ्यांनी. हिरवा गालिचा आणि फूल एकत्र दिसलं की इंग्रजी शिकलेल्या मनानं वसंताची चिठ्ठी लावली. पुढच्या कवींनी ती चिठ्ठी खरी मानली आणि पावसाळ्यातलं गवत उचलून चैत्रात नेऊन अंथरलं.

आता दुर्गाबाई भागवत. ‘ऋतुचक्र’ हे पन्नासच्या दशकातलं पुस्तक. स. आ. जोगळेकरांनी गाथासप्तशती मराठीत आणली तीही त्याच दशकात, 1956 साली. मला हे शेजारपण आवडतं. ‘ऋतुचक्रा’ची ताकद लोक त्याच्या भाषेत बघतात. मला ती त्याच्या शिस्तीत दिसते : महिना धरायचा. चैत्र म्हणजे चैत्रच, त्यात वैशाखाचं काही सरमिसळ करायचं नाही. एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जायचं आणि कालपासून आज काय बदललं ते लिहायचं. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या लेखिकेचा चैत्र आणि आपला चैत्र एक नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावं लागतं. पण तिनं आपला चैत्र स्वतः बघितलाय, एवढं पुरे.

पुढं काय झालं? दुर्गाबाईंच्या मागून जे ललित निसर्गलेखन आलं त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांची विशेषणं घेतली आणि तारखा टाकून दिल्या. मग सुरू झाली ‘निसर्गाची रंगपंचमी’, ‘ऋतुराजाचं आगमन’, ‘सृष्टीचा शृंगार’. असा लेख फेब्रुवारीतही छापता येतो, एप्रिलमध्येही, नागपुरातही आणि कोल्हापुरातही. झाडाचं नाव बदललं तरी वाक्याला काही होत नाही. मी असे लेख वाचताना पेन्सिलनं कडेला प्रश्न लिहिते : पानं होती का? फूल वर होतं की खाली? कोण खात होतं? उत्तर सापडलं नाही तर पान उलटते. माझी ही पद्धत जरा रुक्ष आहे, चालायचंच. (हशा)

हल्ली यात मोबाइलची भर पडलीय. दर वर्षी पिवळ्या नाहीतर पांढऱ्या पळसाचा फोटो फिरतो, त्याखाली ‘दुर्मिळ’ असं लिहिलेलं. दुर्मिळ आहे हे खरं. पण पांढऱ्या पळसाला आपल्याकडे गुप्तधनाची अंधश्रद्धा चिकटलेली आहे, त्यापायी झाडाच्या बुडाशी खणणारे निघतात. फोटो टाकताना जागा सांगू नका, एवढं माझं म्हणणं.

यापेक्षा गंभीर गोष्ट आहे ती आगीच्या उपमेची. पळस म्हणजे पेटलेलं रान. संस्कृतात ती होतीच, इंग्रजांनी झाडाचं नावच ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ ठेवलं, आणि मराठीत आज पळसावरचा बहुतेक लेख ‘वणवा’ या शब्दाशी येऊन थांबतो. उपमा म्हणून ती झिजली आहे, हा एक भाग. दुसरा भाग असा की हाच काळ खऱ्या वणव्याचा आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. साधारण 260 चौरस किलोमीटरचं, आपल्या आणि जळगाव जिल्ह्यात पसरलेलं. अशा कोरड्या पानझडी जंगलात मार्च ते मे हा धोक्याचा काळ. वनखातं त्याच्या आधी जाळरेषा काढून ठेवतं. आग लागते कशी? बिडीचं थोटूक पडतं. पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल या समजुतीनं कुणी माळ पेटवतं. आणि हेही सांगितलं पाहिजे, जिथं मोह आहे तिथं फूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग कधीकधी आवरत नाही. म्हणजे मी आत्ता जिचं कौतुक केलं त्या वेचणाऱ्या बाईच्या कामातही आग आहे. तो प्रश्न जाळी अंथरून, पाला झाडून सुटू शकतो आणि काही ठिकाणी तसं करतातही.

पण जो समाज दर फाल्गुनात ‘रानाला वणवा लागलाय, काय सुंदर दिसतंय’ असं वाचतो, त्याच्या डोळ्याला खऱ्या वणव्यानंतरचं काळं रान खटकत नाही. त्याला ते एरवीही मेलेलंच वाटत असतं. पानं नाहीत, हिरवं नाही, म्हणजे पडीक. मग तिथं माती टाका, प्लॉट पाडा, नाहीतर ‘हरित’ करायचं म्हणून सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावा. उघडं रान फुललेलं असू शकतं, हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वसंतात नाही. ते असतं तर सगळं वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण निदान पळस तोडताना ‘वाळकं झाड होतं’ असं कुणी सहज म्हणू शकलं नसतं.

आता, प्रामाणिकपणे, जमिनीतून खरंच वर येणारी दोन फुलं सांगते, नाहीतर पत्रिकेवरच्या विषयाला मी अगदीच पाठ दाखवली असं होईल. एक भुईचाफा. उन्हाळ्यात, पान-देठ काही नसताना, थेट भुईतून फूल वर येतं, पांढरं-जांभळं, वासाचं. पानं नंतर येतात. कोकणात परसात लावतात. नाव किती सुंदर आहे : चाफा, पण भुईचा. ज्यानं नाव ठेवलं त्यानं फुलाचा वास आणि फुलाची जागा, दोन्ही एका शब्दात सांगितली. आणि दुसरं शेवळं. सुरणाच्या कुळातलं; पहिल्या पावसाच्या सुमाराला पानांच्या आधी त्याचा फुलोरा जमिनीतून उभा राहतो. ठाणे, पालघर, रायगडकडे आदिवासी बायका त्याच्या जुड्या बाजारात आणतात, आणि खाजरं म्हणून काकडं किंवा चिंच घालून त्याची भाजी करतात. वसंतात रानातून उगवून येणाऱ्या फुलाची व्याख्या तंतोतंत लागू पडावी असं हे आपलं फूल, फक्त ते ज्येष्ठात येतं आणि आपण ते शिजवून खातो. यावर ललित लेख झालाच तर पाककृतीच्या पानावर होतो.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न आलाय की मग वसंतावर लिहायचंच नाही का. अहो, भरपूर लिहा. माझी तक्रार वसंताबद्दल नाहीच. इथला वसंत कोरडा, राखाडी आणि भगवा आहे. तो तसा लिहा. उन्हाचा वास येऊ द्या.

दुसरा प्रश्न, गाथा कुठून वाचायच्या. जोगळेकरांची आवृत्ती घ्या. जाडजूड आहे, प्रस्तावनेला घाबरू नका, पुढं जाऊन दुसऱ्या शतकापासून उघडा. मोह तिथंच आहे.

आणि मागच्या रांगेतल्या ताई विचारताहेत की आत्ता बघायला कुठं जाऊ. गौताळ्यात जा, पाडव्याच्या आत जा, पाडव्यानंतर पळस उतरतो. सकाळी लवकर निघा. झाडाखाली गेल्यावर आधी फोटो काढायला वर बघू नका, खाली बघा, नाहीतर फुलं तुडवली जातात. आणि पुढं सातपुड्याकडे कधी गेलात आणि मोहाचं झाड सापडलं, तर तिथं उजाडायच्या आत पोचा. नऊ-दहा वाजता गेलात तर खाली झाडलेली जमीन दिसेल, बाकी काही नाही.